विरजणाचा दगड

दगड कुजतो. हे ज्याला माहीत नाही त्याने घरात समुद्राच्या पाण्याचं मत्स्यालय ठेवायच्या भानगडीत पडू नये. मुंबईतल्या माझ्या दुकानात बावीस वर्षं मी गिऱ्हाइकांना हेच ऐकवत आलो. तरी दर महिन्याला एखादा दीडशहाणा नवा दगड पिशवीतून काढून थेट टाकीत सोडायचाच, आणि तिसऱ्या दिवशी मेलेले मासे घेऊन माझ्याशी भांडायला यायचा. मी त्याला खुर्ची द्यायचो आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला बसायचो.

जिवंत दगड हे नावच मुळात फसवं. दगड म्हणजे प्रवाळांनी मागे ठेवलेला चुन्याचा सांगाडा, पावासारखा छिद्रांनी भरलेला. जिवंत असतात ते त्यातले भाडेकरू. वरवरच्या छिद्रांत प्राणवायूवर जगणारे जीवाणू राहतात. ते माशांच्या घाणीतल्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. खोल आत, जिथे प्राणवायू पोहोचत नाही, तिथे दुसऱ्या जातीचे जीवाणू त्या नायट्रेटचा साधा वायू करून सोडून देतात. असे चार दगड टाकीत असले की पाणी स्वच्छ राहतं. पण तोच दगड समुद्रातून काढून, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून चार दिवस प्रवास करून आला, की त्यातले स्पंज, किडे, शेवाळ असे निम्मे भाडेकरू वाटेतच मरतात. ते कुजले की त्यांच्या अमोनियाने उरलेले निम्मे मरायला लागतात.

म्हणून दगड आधी टाकीबाहेर मुरवायचा. एक पिंप, त्यात खारं पाणी, पाणी फिरतं ठेवायला छोटा पंप, वर काळं कापड, कारण उजेड मिळाला की नको ते शेवाळ माजतं. आठवड्याला निम्मं पाणी बदलायचं आणि कुजलेलं टूथब्रशने घासून काढायचं. पिंपातलं पाणी कमी झालं तर भर गोड्या पाण्याची घालायची, खाऱ्या नव्हे, कारण पाणी उडतं, मीठ उडत नाही. दोन-अडीच महिन्यांनी अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर येतात आणि वास बदलतो. लोणचं मुरलं हे जसं बरणी उघडताच कळतं, तसं मला झाकण उचलताच कळायचं. या नाकाचा मला गर्व होता, तो इथेच कबूल करतो.

अडीच महिने थांबायची तयारी नसेल तर एक युक्ती आहे. जुन्या मुरलेल्या दगडाचा एक तुकडा नव्या दगडांच्या पिंपात टाकायचा. त्याच्यातले जीवाणू पसरतात आणि सगळं काम बारा-पंधरा दिवसांत उरकतं. दुधाला विरजण लावावं तसंच हे. माझ्या दुकानातल्या मोठ्या टाकीत नारळाएवढा एक दगड होता. वीस वर्षांपूर्वी परदेशातून आलेला, जांभळा पडलेला, कधी दगा न दिलेला. दोन हजार चौतीस साली दुकान बंद करून मी गावी, आडबंदरला परतलो, तेव्हा माझं सामान थोरल्या भावाने, दादाने, आपल्या मासळीच्या टेंपोतून आणलं. सामानात तो दगडही होता. बायकोमुलांचा पसारा मला नव्हताच. घराच्या एका भागात दादा, नूतनवहिनी आणि त्यांची मुलगी मृण्मयी, दुसऱ्या भागात मी, असं आमचं ठीक चाललं होतं.

छत्तीस साली समुद्र तापला. मार्चपासून मेअखेरपर्यंत पाणी तेहतीस अंशांखाली उतरलंच नाही आणि आमच्या किनाऱ्यापासून अर्ध्या तासावरचं प्रवाळाचं खडप पांढरं पडून मेलं. त्याच वर्षी मे महिन्याच्या शेवटी धक्क्यावर बर्फाची पेटी उचलताना दादा कोसळला. दवाखाना गाठेपर्यंत संपलं होतं. मृण्मयी तेव्हा गोव्यात शिकत होती.

समुद्र मेला असं सगळे म्हणत असताना किनाऱ्यावरच्या संशोधन केंद्राने एक शोध जाहीर केला. प्रवाळ मरतं ते वरवर. त्याच्या काही पेशी दगडाच्या छिद्रांत खोल शिरतात आणि झोपी जातात. खात नाहीत, वाढत नाहीत, सात-आठ वर्षं तशाच राहू शकतात. मात्र त्यासाठी दगड गार पाण्यात हवा, आणि समुद्र तर गार नव्हता. म्हणून ठरलं की दगड बाहेर काढायचे, जमिनीवर मुरवायचे, घराघरांत सांभाळायचे आणि समुद्र निवला की परत ठेवायचे. आमच्या गावातल्या एकशे चाळीस घरांनी प्रत्येकी दहा-अकरा दगड घेतले. केंद्राने पिंप, पंप, थंडावा देणारं यंत्र, मिठाची पाकिटं दिली. पडवीत पिंप नाही असं घर उरलं नाही.

आणि मग गाव सडलं. एकशे चाळीस पिंपांत एकदम अमोनिया चढला. लोकांना जेवण जाईना. लग्नं पुढे ढकलली गेली. सरपंच बाबू तारी माझ्याकडे येऊन म्हणाला की पंधरा दिवसांत हा वास गेला नाही तर लोक दगड उचलून खाडीत टाकतील, आणि तो त्यांना अडवणार नाही.

केंद्राचा एक नियम होता. स्थानिक दगडांत बाहेरचं काहीही घालायचं नाही. का, ते त्यांनाही तेव्हा नीट सांगता येत नव्हतं. सावधगिरी म्हणून, एवढंच. मी माझा जांभळा दगड काढला, त्याचा तुकडा माझ्या पिंपात टाकला आणि तेराव्या दिवशी माझ्या पडवीत वास नव्हता. केंद्राच्या माणसाने विचारलं, हा विरजणाचा तुकडा कुठला? मी सांगितलं, आपल्याच खडपावरचा, समुद्र तापायच्या आधी काढलेला. खोटं बोललो. दगड वाचवण्यासाठी बोललो हे खरं आहे. पण गावात कोणाला जमलं नाही ते मला जमलं, हे दाखवायची हौसही त्यात होती.

मग लोक वाट्या घेऊन यायला लागले. मी छिन्नीने टवके काढून द्यायचो, त्यांचे दगड मुरायचे, त्यांच्याकडून शेजारी न्यायचे. महिन्याभरात गावाचा वास गेला आणि मी दगडमास्तर झालो. सत्यनारायणाच्या पूजेला मला पुढे बसवायला लागले. आवडत नव्हतं असं कोण म्हणेल?

त्याच दिवसांत एका संध्याकाळी पडवीत बाबू तारी, मासळी विकणारी कांता आणि आणखी दोघं बसले होते. दिवे लागत होते. नूतनवहिनी बादली घेऊन आली आणि दारातच उभी राहून म्हणाली की मलाही विरजण दे, पिंपाजवळ उभं राहवत नाही. मी रंगात होतो. आमच्याकडे तिन्हीसांजेला दूध, दही, विरजण घराबाहेर देत नाहीत, हे सगळ्यांना माहीत. मी म्हटलं, "दिवेलागणीक विरजण देनत नाय, वयनी. लक्ष्मी जाता."

सगळे हसले. कांता तर डोळे पुसेपर्यंत हसली. वहिनीने बादली दुसऱ्या हातात घेतली आणि ती गेली. सकाळी मी स्वतः चांगला मुठीएवढा तुकडा घेऊन तिच्या दाराशी गेलो. ती म्हणाली, "माका नको." रुसली असेल, दोन दिवसांनी येईल, असं मला वाटलं. ती आली नाही. दुसऱ्या कोणाकडेही तिने तुकडा मागितला नाही. तिच्या पिंपाला चौदा आठवडे वास येत होता. रोज सकाळी मागच्या दाराशी पाटावर बसून ती एकेक दगड घासायची, आणि येणारे-जाणारे नाकाला पदर लावून म्हणायचे की मास्तर घरात असून ही काय हौस. माझ्याशी तिचं बोलणं विजेच्या बिलापुरतं उरलं.

सहा वर्षं गेली. बेचाळीसचा पावसाळा संपला तेव्हा समुद्राने सलग दोन उन्हाळे तीस अंश ओलांडले नव्हते. दगड परत ठेवायची वेळ आली. केंद्राकडून तपासणीला मृण्मयीच आली, आता डॉक्टर झालेली, बरोबर एक यंत्र घेऊन. त्यात दगड ठेवायचा, त्याला खडपावर असतं तसं पाणी आणि निळा उजेड द्यायचा, अर्धा तास थांबायचं. मग केसाएवढी सुई छिद्रात घालून आतला प्राणवायू मोजायचा. झोपलेली पेशी जागी झाली तर ती श्वास घेते आणि आकडा उतरतो. गावाने यंत्राचं नाव जागल्या ठेवलं.

पहिल्या दिवशी जागल्या माझ्या पडवीत आला, मानाने. अकरा दगड तपासले. आकडा हलला नाही. मृण्मयी म्हणाली, सुईत काही बिघाड असेल. दुसऱ्या दिवशी बाबू तारीच्या घरी तेच, मग कांताच्या. बारा दिवसांत एकशे एकोणचाळीस घरं झाली आणि एकाही दगडाने श्वास घेतला नाही. आईचं घर तिने शेवटी ठेवलं होतं, कोणी पक्षपात म्हणू नये म्हणून. तिथे पहिल्याच दगडाला आकडा सर्रकन उतरला. अकराच्या अकरा दगड जागे झाले.

कारण शोधायला तिला आणखी आठ दिवस लागले. मग माझ्या पडवीत बसून तिने मला समजावलं, कारण गावाला पुढे मीच समजावीन असं तिला वाटत होतं. पेशी मेलेल्या नव्हत्या. त्या बहिऱ्या होत्या. समुद्र योग्य झाला हे पेशीला स्वतःला कळत नाही. तिच्या शेजारी राहणारे जीवाणू पाण्यात चाळीसेक पदार्थ सोडतात, त्या मिश्रणाने ती जागी होते. हे मिश्रण प्रत्येक खडपाचं वेगळं आणि ते बाहेरून बनवणं अजून कोणाला जमलेलं नाही. एकशे एकोणचाळीस घरांतल्या दगडांत खडपाचे मूळ जीवाणू उरलेच नव्हते. दुसरेच कोणी, तगडे आणि भराभर वाढणारे, सगळीकडे एकाच जातकुळीचे, आत येऊन बसले होते. असे दगड समुद्रात ठेवले तर ते वहिनीचे अकराही बहिरे करतील. तिने आईच्या दगडाचा टवका माझ्या पिंपात टाकून पाहिला होता. चार दिवसांत तोही गप्प झाला.

उपाय एकच होता. सगळे दगड पिंपातून काढून तीन आठवडे उन्हात वाळवायचे, म्हणजे परके जीवाणू मरतील. त्यांच्याबरोबर झोपलेल्या पेशीही मरतील. मग वहिनीच्या दगडांचं विरजण लावून त्या कोऱ्या दगडांना पुन्हा खडपाचे जीवाणू द्यायचे, आणि वहिनीचे प्रवाळ त्यांच्यावर पसरतील याची वाट बघायची. दीड हजार दगडांतून उरणार अकरा.

तिने विचारलं, "काका, हे खंयसून इले असतीत?"

मी म्हटलं, माहीत नाही. साठीच्या जवळ आलेला माणूस, जिला खांद्यावर बसवून जत्रा दाखवली तिच्या तोंडावर खोटं बोललो. त्या रात्री मला भूक लागली आणि मी जेवलोही, हे मला अजून आठवतं आणि लाज वाटते.

दगड खळ्यांत मांडले गेले. सहा वर्षं काळ्या कापडाखाली सांभाळलेले, जांभळे, गुलाबी दगड दोन दिवसांत राखाडी पडले आणि पुन्हा तोच वास गावावर बसला. म्हाताऱ्या बायका त्यांच्याकडे पाठ करून बसायच्या. आणि दोष कोणावर तरी जायचाच होता, तो गेला केंद्रावर. मिठाच्या पाकिटांतच घाण होती, असं कोणीतरी म्हटलं आणि आठ दिवसांत ते सगळ्यांचं मत झालं. पोरगी शिकून आली ती त्यांचीच बाजू घेणार, असंही म्हणू लागले. मृण्मयीने सगळी पाकिटं तपासून दाखवली, कोणी बघितलं नाही. बाबू तारीने ठरवलं की रविवारी शाळेत सभा घ्यायची. घाण कुठून आली हे केंद्राने सांगावं, नाहीतर गाव पुन्हा दगड घेणार नाही. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. कुठून आली हे कळल्याशिवाय पुन्हा येणार नाही याची हमी कोण देणार?

म्हणजे मी गप्प राहिलो तर खडप गेलं, इतका साधा हिशोब होता. वहिनीनेही अजून होकार दिला नव्हता. विरजणासाठी तिचे तीन दगड फोडावे लागणार होते आणि लेकीला तिने नुसतं, बघू, असं म्हटलं होतं.

शनिवारी सकाळी मी मागच्या दाराने गेलो. ती पाटावर बसून दगड घासत होती. मी पिंपाचं कापड बाजूला केलं आणि सवयीने नाक खाली नेलं.

तो वास मी सहा वर्षांत घेतला नव्हता. सहा वर्षं कसली, मुंबईला गेल्यापासून घेतला नव्हता. ओहोटीला खडप उघडं पडायचं तेव्हा दादा आणि मी कालवं काढायला जायचो, गुडघे सोलून घ्यायचो, तेव्हाचा तो वास. कालवांचा, ओल्या शेवाळाचा, किंचित लोखंडासारखा. माझ्या पिंपाचा वास तसा नव्हता. माझ्या पिंपाचा वास माझ्या दुकानाचा होता, आणि मी सगळ्या गावाला शिकवलं होतं की मुरलेल्या दगडाला हाच वास यायला हवा. लहान मुलं त्यालाच समुद्राचा वास म्हणायची. मी पिंपाची कड धरून खाली बसलो.

मी तसाच बसून म्हटलं, "वयनी, तो पयलो दगड खडपावयलो नव्हतो. दुकानातलो."

तिने ब्रश थांबवला नाही. "माका ठावक आसा. तुझ्या भावानच तो खोको टेंपोतसून हाडल्यान. वाटेत दोनदा गाडी थांबवून तेच्यार पाणी शिपल्यान."

"मगे इतकी वर्षां सांगलस कित्याक नाय?"

"माका कोणी इचारल्यान?"

मग तिने दगड पाण्यात ठेवला आणि हात पुसले. म्हणाली की तो दगड कुठला हे ठाऊक असूनच ती त्या संध्याकाळी मागायला आली होती. दगडाने असं काही होईल हे तिलाही माहीत नव्हतं. "तू तेव्हा दिलं असतस, तर माजे दगडय आज उन्हात असते. म्हणान माज्यार उपकार केलस असा समजा नको."

मी म्हटलं, तसं समजत नाही. पण तू रुसलीस ते विरजण दिलं नाही म्हणून, एवढं मला तेव्हाच कळलं होतं.

ती म्हणाली, "तुझो भाव जावन दीड म्हयनो झालेलो. आणि तू माका सांगलस, लक्ष्मी जाता."

सहा वर्षं मला ते दिसलं नव्हतं. मी गावातली म्हण बोललो होतो, लोक हसले होते, एवढंच माझ्या लक्षात होतं. समोर उभी असलेली बाई दीड महिन्यापूर्वी विधवा झाली होती आणि तो माझाच भाऊ होता, हे त्या वाक्यात ऐकायला माझ्याकडे कान नव्हते. मी माफी मागायला लागलो तर तिने हात वर केला.

"हय नको. तू चार माणसांत बोललस, चार माणसांतच सांग. दोनय सांग."

दगड देशील का, असं मी विचारलं. ती म्हणाली, उद्या बघू. आणि पुन्हा घासायला लागली.

रविवारी दहा वाजता शाळेचा हॉल भरला होता. खिडक्या बंद करूनही बाहेरचा वास आत येत होता. मृण्मयी पुढे कागद घेऊन उभी होती आणि तिला कोणी बोलू देत नव्हतं. बाबू तारी मिठाचं पाकीट हातात धरून प्रश्न विचारत होता. वहिनी मागच्या भिंतीशी बसली होती. मी उठलो. दगडमास्तर उठले म्हटल्यावर लोक गप्प झाले. आता मास्तर केंद्राला झापणार, अशी सगळ्यांची समजूत होती.

मी पाकिटात घाण नव्हती इथून सुरुवात केली. घाण माझ्या दगडात होती, आणि तिला घाण म्हणणंही बरोबर नाही, ते जीवाणू त्यांच्या जागी चांगलेच होते, ही जागा त्यांची नव्हती. दगड परदेशातला, दुकानातला. विचारलं तेव्हा मी खोटं सांगितलं, आणि महिन्यापूर्वी पुतणीने विचारलं तेव्हा पुन्हा सांगितलं. मृण्मयीने हातातले कागद टेबलावर ठेवले. ती माझ्याकडे बघत नव्हती, आणि मला सगळ्यात जास्त तेच लागलं.

बाबू तारी हळू आवाजात म्हणाला, "म्हणजे सहा वर्षां आमी तुझ्या दुकानाचा पाणी बदलत होतो?"

मी हो म्हटलं. मग एकदम सगळेच बोलायला लागले. कोणी म्हणालं याला गावाबाहेर काढा, कोणी म्हणालं पोलिसात द्या, एका म्हाताऱ्याने तर चप्पल काढून हातात घेतली आणि काय करावं न सुचून पुन्हा घातली. मी उभाच राहिलो. आवाज थोडा खाली आल्यावर म्हटलं, अजून एक आहे.

ती संध्याकाळ मी सांगितली, माझ्या पडवीत कोण कोण होतं ते नावांनिशी. वहिनी बादली घेऊन आली होती. तिला मी काय म्हटलं, तेव्हा दादाला जाऊन किती दिवस झाले होते, आणि आम्ही किती हसलो. पहिल्या गोष्टीला लोक चिडले होते. या गोष्टीला कांताने पदर तोंडाशी धरला. मी मागच्या भिंतीकडे बघून, माझी चूक झाली वयनी, एवढं म्हटलं, आणि पुढचं जे ठरवून आलो होतो ते सगळं विसरलो.

वहिनी उठली आणि दाराबाहेर गेली.

सभा तशीच बसून राहिली. तिने नकार दिला असंच सगळ्यांना वाटलं, मलाही. मृण्मयीला मी डोळ्यांनीच विचारलं, तिने मान हलवली. तिलाही माहीत नव्हतं. बाबू तारीने पाकीट खाली ठेवलं आणि आता काय करायचं ते तूच सांग बाय, असं तिला म्हणाला. दगड तिचे नव्हते, तिच्या आईचे होते.

दहा मिनिटांनी वहिनी परत आली. दोन्ही हातांत बादल्या होत्या आणि त्यांच्यावर ओलं गोणपाट. त्या तिने टेबलासमोर ठेवल्या आणि गोणपाट काढलं. आत सुपारीएवढे तुकडे होते, पाण्यात बुडवलेले. एक बाजू जांभळी, फोडलेली बाजू पांढरी स्वच्छ. तीन दगडांचे एवढे तुकडे दहा मिनिटांत होत नाहीत, हे छिन्नी हातात धरलेल्या कोणालाही कळेल. ते तिने सभेला येण्याआधीच फोडून ठेवले होते. मी काय बोलणार, बोलणार की नाही, हे माहीत नसताना.

"पयलो कोणाक?" तिने विचारलं.

मग कांता उठली, ओंजळ पुढे केली, आणि तिच्यामागे एकेक जण उभा राहू लागला. वहिनी प्रत्येकाच्या हातावर तुकडा ठेवत होती आणि हे विरजण सावकाश लागतं, अडीच महिने वास येईल, उचलून टाकू नका, असं प्रत्येकाला सांगत होती. मृण्मयी शेजारी उभी राहून नावं लिहून घेत होती.

रांग शाळेच्या पटांगणापर्यंत गेली होती. मी तिच्या शेवटी जाऊन उभा राहिलो. पुढच्या लोकांनी मला जागा दिली नाही आणि मी मागितली नाही. माझी पाळी यायला दुपार झाली. बादलीत एक तुकडा उरला होता, आणि वहिनी तो हातात घेऊन थांबली होती.